रेग्युलेटरला लावलेलं कुंकू
परवा खंडेनवमीला शिलाई मशीनला लावायला ओलं कुंकू घेतलं आणि बोट तसंच थांबलं. तरुणपणीची एक खंडेनवमी आठवली. तेव्हा लग्नाला वर्षच झालं होतं आणि मी स्वतःला लय शहाणी समजत होते. सैन्यात वायरलेसवर असलेल्या आमच्या यांनी सुट्टीत सांगलीच्या घरी काचेच्या व्हॉल्व्हचा, आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर जोडला होता, कारण अंथरुणाला खिळलेल्या मामंजींना, गेलेल्या सासूबाईंच्या टेपवरच्या ओव्या ऐकायच्या होत्या. त्यात व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर व्हॉल्व्ह जांभळा उजळायचा. मी ठरवलं, यंत्रातला देव हाच! खंडेनवमीला त्यालाच सगळ्यात जास्त कुंकू, वर पळीभर पाणी. दुपारी बटण दाबलं तर तो उजेड फडफडू लागला आणि सासूबाईंचा आवाज बुडाल्यागत होऊ लागला. मी गुपचूप वरचं कुंकू पुसलं आणि म्हणाले, "आवं, मशीन दमलं असंल." यांनी मीटर लावला, तारांच्या जोडांवरचे जुने सोल्डरचे डाग काढून नवे दिले, व्हॉल्व्ह बदलला. खोलीभर जळक्या राळेचा वास, आणि माझ्या तोंडाला कुलूप. "झालं का रं?" मामंजी रोज विचारायचे. चौथ्या सकाळी त्यांनी विचारलं नाही. दहावा उरकल्यावर यांनी व्हॉल्व्ह बसतो ते सॉकेटच सोडवलं, तर खाली पिनांमध्ये लाल चिखल वाळलेला. यांनी माझ्याकडे पाहिलं, तो ब्रशनं झाडला आणि टेप लावली. रिकाम्या खाटेसमोर ओवी अगदी स्वच्छ वाजली. परवा मी मशीनला नुसतं फूल वाहिलं. "आज्जी, कुंकू ऱ्हायलं की," नात म्हणाली. म्हटलं, "लावून झालंय गं माझं."