शेंडेफळाची तीस पानं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. हसलात ना? हसणारच. पंचवटीत कुणालाही विचारा — भास्करने न सांगितलेली गोष्ट म्हणजे आमच्या इथल्या नदीत, गंगेत, न भिजलेला दगड. अहो, मी लासलगावचा एक कांदा सांगता सांगता एवढा मोठा केलाय की त्याच्या सावलीत दोन ट्रॅक्टर उभे राहिले. माझ्या थापा ऐकायला माणसं पदरचा चहा पाजतात. पण ही एक तशीच आत राहिली. फुगवता येत नव्हती म्हणून? की फुगवली तर फुटेल म्हणून?

आता थकलो. रंगवायचाही कंटाळा येतो. म्हणून साधीच सांगतो, जमेल तशी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एक जुना कॉम्प्युटर घेतला, गल्लीतल्या गाळ्यात मांडला आणि धंदा काढला — फ्लॉपीवर तयार तक्ते विकायचे. शिंप्याला मापांचा तक्ता. मंडपवाल्याला तारखांचा. दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना फवारणीचा. आकडे भरले की खाली उत्तर आपोआप. मी लोकांना सांगायचो, हे यंत्र तुमच्या डोक्याचं ओझं उचलतं, तुम्ही फक्त दुपारी झोपा. लोक यंत्राकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "वही आहे की." खोटं कशाला बोलू, मी रिकामे रकाने विकत होतो. रिकाम्या रकान्यांना कोण विचारतं?

मग माझा एक तक्ता चालला. चालला कसला, धावला. लग्नाच्या जेवणाचा.

तो कसा सुचला याचीही माझी एक गोष्ट आहे, गाजलेली. लासलगावच्या एका व्यापाऱ्याकडचं लग्न, मी तिसाव्या जिलबीवर, आणि एकतिसाव्या जिलबीच्या वेढ्यांत मला अख्खं गणित दिसलं! ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली. एकतिसावी जिलबी हातात धरल्याचा अभिनय करून सांगितली.

खोटी आहे. त्या लग्नात मला जिलब्या चारसुद्धा गेल्या नव्हत्या.

तो तक्ता मंदामावशींचा.

मंदामावशी आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. लग्नामुंजींचा स्वयंपाक घ्यायच्या. हाताला चव होतीच, पण चव पुष्कळांच्या हाताला असते. मावशींचं खरं बळ वेगळं होतं — पानं किती उठतील, हे त्यांना आधी कळायचं. वधूपिता सांगायचा, पाचशे माणूस. मावशी मान हलवायच्या आणि भलतेच प्रश्न विचारायच्या. मुहूर्त दुपारचा की गोरज? वार कोणता, उपासवाले किती गळतील? वऱ्हाड कुठून येणार, बसने की ट्रॅक्टरने? आणि शेवटी — मुलगी शेंडेफळ का?

हा शेवटचा प्रश्न फक्त त्यांचा. सगळ्यात धाकटीचं लग्न असलं की त्या तीस पानं वाढवून धरायच्या. त्यांचं म्हणणं, घरातलं शेवटचं कार्य, ज्यांच्या ज्यांच्याकडे आपण आयुष्यभर जेवलो ती सगळी माणसं त्या दिवशी येतात, पत्रिका असो नसो. मग म्हणायच्या, "तीनशे नव्वद." आणि तीनशे नव्वदच्या आसपासच उठायची. त्यांच्या मांडवात वाढप्याचा हात कधी आखडला नाही, आणि बुंदीचं पातेलं कधी गाईपुढे गेलं नाही.

त्यांच्या बाजूला हिरा. हरसूलकडची, मावशींच्याच वयाच्या आसपासची. सतरा वर्षं त्यांच्याजवळ विळीवर बसलेली. एका खोलीत दोघी राहायच्या, एका तव्यावरची भाकरी खायच्या. मावशी बोलायच्या, हिरा चिरायची.

मी मावशींना गाठलं. म्हटलं, मावशी, वय झालं, उद्या विसरायला होईल. तुमचा अंदाज यंत्रात भरून ठेवू, मग नुसतं बटण दाबायचं. त्या घाबरल्याच होत्या. त्या हंगामात एका लग्नात त्या वार विचारायला विसरल्या होत्या, आणि ते त्यांना फार लागलं होतं. हो म्हणाल्या. मी महिनाभर त्यांच्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसलो. त्यांची मिठाची मूठ वाण्याच्या तराजूवर तोलली. हिरा विळीवरून बघायची. "भास्करभाऊ," एकदा म्हणाली, "येक करा ना, मावशीचा हातच कापून न्या. तागडीवर नीट बसंल." आम्ही तिघंही हसलो. माझंच हसणं सगळ्यात मोठं.

मावशींनी एकच अट घातली. "हे घराबाहेर जायचं नाही, भास्कर. माझ्याकडे दुसरं काही नाहीये रे." मी खिडकीतून गंगेकडे हात केला. शपथ घेतली.

पहिली फ्लॉपी मी लांब विकली. धुळ्याकडे. लांबचं पाप लहान दिसतं — नाही का? दुसरी थोडी अलीकडे. मग मागण्या यायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझा पत्ता विचारत येत होती. आणि एक दिवस गंगापूर रोडचा एक मोठा केटरर गाळ्यासमोर गाडी लावून आत आला.

तक्त्याच्या वरच्या ओळीत मी मावशींचं नाव टाकलं होतं. मोठ्या अक्षरांत, त्यांना दाखवायला. केटररला खुर्चीवर बसवलं, स्क्रीन माझ्याकडे वळवला, ते नाव पुसलं आणि तिथे माझं टाईप केलं. किती वेळ लागला असेल? तो खिशातून रुमाल काढून मान पुसत होता. त्याची मान पुसून व्हायच्या आत झालं.

इथवर तुम्ही म्हणाल, धंद्यात होतं असं. मीही म्हणत असे. पण ही अजून ती गोष्ट नाही.

ती अशी. पुढच्याच हंगामात मावशी गाळ्यावर आल्या. भर दुपार होती. त्या कधी यायच्या नाहीत, मला बोलावून घ्यायच्या. स्टुलावर बसल्या. पाणी दिलं, ते हातातच धरून ठेवलं. एका ठरलेल्या लग्नाचं काम त्यांच्याकडून गेलं होतं, ते ठीक. पण त्या वधूपित्याने सहज सांगितलं, गंगापूर रोडवाल्याचा माणूसही अगदी तुमच्यासारखंच विचारत होता हो — मुलगी शेंडेफळ का म्हणून.

"हा प्रश्न का विचारायचा, हे जगात दोघींनाच माहीत, भास्कर," मावशी म्हणाल्या.

दोघींना. मला त्यांनी धरलंच नव्हतं. समोर कॉम्प्युटर होता, प्लॅस्टिकची टोपी घातलेला. त्याच्यावर त्यांनी हात ठेवला, देवघरातल्या डब्यावर ठेवतात तसा. "हे तर कुलूपबंद. आणि याला कुठे तोंड आहे?" मग माझ्याकडे बघून, अगदी हळू — "हिराच ना रे?"

आता सांगा. मी, ज्याला एका कांद्यावर तासभर बोलता येतं, मी काय बोललो असेन? मला रडता आलं असतं. पाय धरता आले असते. निदान, हिरा असं करणार नाही, एवढं तरी? तेवढ्याने मी सापडलोही नसतो.

मी म्हणालो, "माणसाचं काही सांगता येत नाही, मावशी."

बस. जन्मभर थापा मारल्या, त्यांतली ही सगळ्यात लहान. एवढ्याशा वाक्याने सतरा वर्षं मोडली.

मावशींनी आरडाओरडा केला नाही. हिराला एवढंच म्हणाल्या, उद्यापासून माझ्याकडे राहू नकोस. हिराने कारण विचारलं. मावशींनी सांगितलं. तिने म्हणे आपली लुगडी गोळा केली. मग बोचकं बांधून गेली. विळी तशीच खुंटीवर राहिली. ती तिची स्वतःची होती, तरी नेली नाही. हे मला मावशींनीच सांगितलं. सांगताना त्या खुंटीकडे बघत नव्हत्या.

दोनेक वर्षांनी मी हरसूलला गेलो होतो, एका दुकानदाराला तक्ता दाखवायला. बाजाराचा दिवस. कढईपुढे हिरा. भजी तळत होती. मी मान खाली घालून निघालो होतो, पण तिनेच हाक मारली. "ओ भास्करभाऊ! वळख इसरले का?" बसायला पोतं टाकलं. कागदात भजी दिली, गरम. पहिला प्रश्न — "मावशी बरी हाय ना? गुडघा लय दुखायचा तिचा." दुसरा प्रश्न तिने झारा थांबवून विचारला. "भाऊ, तुम्ही शिकेल माणूस. तुम्हीच सांगा, कोन बोललं आसंल त्या मानसाला?"

तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, हो. तिला खरंच माझ्याकडून समजून घ्यायचं होतं.

आणि मी काय केलं? मी गोष्ट सांगितली. त्या केटररने म्हणे आपला एक माणूस मावशींच्या लाकडांच्या ढिगात लपवला. तीन दिवस, तीन रात्री. तो आत बसून सत्तर जिलब्या खाऊन गेला आणि बाहेर पडताना एवढा फुगला होता की ढिगासकट उभा राहिला. मी उठून तो कसा चालला ते करून दाखवलं. बाजार जमला. हिरा हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पदराने डोळे पुसले. मग पदर तसाच धरून म्हणाली,

"मंग मी नव्हते, येवढं मावशीला सांगा. बाकी काय नको."

मी म्हणालो, "सांगतो."

भज्यांचे पैसे तिने घेतले नाहीत.

मावशी त्यानंतर चार वर्षं होत्या. माझ्या गाळ्यापासून त्यांचं दार चालत तीन मिनिटांवर. सणावारी जायचो, त्या पुरणपोळी वाढायच्या, विळी खुंटीवर असायची. शेवटच्या आजारात त्यांनी एकदा विचारलं होतं, हिराचं काही कळतं का रे.

मी म्हणालो, नाही.