कडुलिंबापासून विहिरीपर्यंत

शर्यतीत मी सगळ्यांच्या पुढे होतो आणि मी सायकलवरून खाली उतरलो.

पडलो नाही. चेन निसटली नाही, पंक्चर नाही. चांगला धडधाकट उतरलो. वहाणा काढून हातात घेतल्या, मान खाली घातली आणि सायकल ढकलत चालत निघालो. मागच्या सायकली एकेक करून पुढे जात होत्या आणि मी चालत होतो. असा शर्यतवीर हिंगोलीनं त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही पाहिला नसेल.

झालं ते असं. कळमनुरीहून हिंगोलीला येणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. नाव सांगत नाही, तिथं अजून माझी भावकी आहे. रस्ता गावातूनच जायचा, आणि रस्त्याला लागून देशमुखाच्या घराचा ओटा होता. ओट्याच्या अलीकडं कडुलिंब, पलीकडं विहीर. या कडुलिंबापासून त्या विहिरीपर्यंत आमच्या महारवाड्यातल्या माणसानं कशावरही बसून जायचं नाही. बैलगाडीत असला तर खाली उतरायचं. घोड्यावर असला तर, पण घोडा आमच्यात कुणाकडं नव्हताच. वहाणा हातात घ्यायच्या. ओटा आला की वाकून "जोहार मायबाप" म्हणायचं. आजा असाच गेला, बाप असाच गेला. त्यांच्या वेळी सायकल नव्हती. सायकल आली तेव्हा कुणाला काही विचारावं लागलं नाही. नियम आपला आपण सायकललाही लागला.

मी हिंगोलीत उस्मान मिस्त्रीच्या दुकानात कामाला होतो. हवा भरायची, पंक्चर काढायचं, भाड्यानं सायकल नेलेला माणूस वेळेत परत आला नाही की त्याच्या मागं पळायचं. पळायचं काम मला चांगलं जमायचं. मिस्त्रीनं घरी जायला-यायला एक जुनी सायकल दिली होती. रोज सकाळी कडुलिंबापाशी उतरायचो, संध्याकाळी विहिरीजवळ. पायांना सांगावं लागत नव्हतं. बैलाला घर कळतं तसं त्यांना कळायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. निजामाचं राज्य. दसऱ्याला टाऊनातल्या वकिलांनी, व्यापाऱ्यांनी आणि कचेरीतल्या कारकुनांनी मिळून सायकलची शर्यत ठेवली. कळमनुरीहून निघायचं आणि हिंगोलीच्या मैदानावर पोचायचं. सगळे हौशी. मिस्त्रीनं माझं नाव दिलं. नाव लिहून घेणारा कारकून माझ्याकडं पाहून म्हणाला, "हा काहून? दुसरं कोणी न्हाई का तुमच्याकडं?"

मिस्त्री म्हणाला, "सायकल मेरी, बैठनेवाला मेरा. तुम्हारे बाप का क्या जाता?"

एका जिनिंगवाल्याच्या लॉरीतून आम्हाला कळमनुरीला नेलं. बाकीचे फळ्यांवर बसले, मी मागं सायकलींच्या ढिगात. लॉरी आमच्या गावातून गेली तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी ओट्यासमोरून बसून गेलो. पण दोन हँडलांच्या मध्ये माझं डोकं अडकलं होतं, त्यामुळं तो मान कुणाला दिसला नाही.

कळमनुरीला सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. मला रांगेच्या मागं, मध्ये जागा सोडून. झेंडा खाली पडला.

रस्ता मुरमाचा. त्यातला खड्डा न् खड्डा माझ्या ओळखीचा. वकिलाचा पोरगा पहिल्याच नाल्यात गेला. कचेरीतला एकजण धाप लागून झाडाखाली बसला. शेवटी पुढं राहिला एकटा देशमुखाचा पुतण्या. हैदराबादला शिकायला होता, सायकल विलायती, पायात कॅनव्हासचे बूट. आमच्या गावाच्या अलीकडच्या चढावर मी त्यालाही मागं टाकलं. पुढं रस्ता मोकळा. छाती फुगली. हिंगोलीचं मैदान दिसायला लागलं मला, टाळ्यासुद्धा ऐकू आल्या.

आणि कडुलिंब आलं.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. एकच राहिलं. ओट्यावर कुणी नव्हतं. देशमुख शर्यतीचा पाहुणा म्हणून सकाळीच हिंगोलीला गेला होता. ओट्यावर एक लूत लागलेलं कुत्रं झोपलं होतं. मी त्याच्यापुढं वाकलो आणि म्हणालो, "जोहार मायबाप."

पुतण्या शेजारून गेला. हसता हसता त्याचं हँडल डगमगत होतं. "शाबास! बराबर उतरलास!"

मैदानावर चांदीचा पेला त्याला मिळाला. पेला घेता घेता त्यानं काकाच्या कानात सगळं सांगितलं. देशमुख खुर्चीत डोळे पुसेपर्यंत हसला. मग उठून लोकांना म्हणाला, "आमी इथं बसलेलो. तिथं ओट्यावर चिटपाखरू न्हाई. तरी पोरगं उतरलं! शर्यत घालवली, पन उतरलं. याला म्हनतात अदब. यालाबी काहीतरी द्या रे."

त्याच्या गड्यानं खांद्यावरचा पंचा काढला आणि लांबूनच माझ्याकडं फेकला. तो माझ्या सायकलच्या हँडलवर पडला. लोक हसले. टाळ्या वाजल्या. मघाशी ऐकू आल्या होत्या त्याच त्या टाळ्या.

आणि मी काय केलं? मी तो पंचा डोक्याला बांधला. वाकून जोहार घातला. खूश होतो मी. शर्यतीत बक्षीस मिळालं होतं ना.

मिस्त्री हसला नाही. दुकानाचं कुलूप काढताना म्हणाला, "उतरा कायकू बे?"

"मालकाचा ओटा हाये, चाचा."

तो थुंकला आणि आत गेला.

घरी माय चुलीपाशी होती. तिला वाटलं पोरगं जिंकून आलं, डोक्याला फेटा आहे. मी घडलं ते सांगितलं. ती म्हणाली, "मालक तर हिंगोलीला गेलते. मंग तू वाकलास कुणापुढं?"

"कुत्रं होतं," मी म्हणालो.

तिनं माझ्या डोक्यावरचा पंचा ओढला आणि चुलीवरचं गरम गाडगं त्यानं धरून खाली ठेवलं. त्या दिवशी मला भाकरीला चव लागली नाही. मैदानावरचं हसू तेव्हा ऐकू आलं, इतक्या उशिरा. मी बहिरा नव्हतो, फक्त खुळा होतो.

दुसऱ्या दिवशी ठरवून निघालो की उतरायचं नाही. कडुलिंब आलं. पाय उतरले. संध्याकाळी विहीर आली. पाय उतरले. मला वाटायचं देशमुख ओट्यावर बसतो. तो माझ्या गुडघ्यात बसला होता. टाऊनात शाळेपुढं एक कडुलिंब आहे. तिथं एकदा ध्यान नसताना उतरलो, वहाणासुद्धा काढल्या. समोर कुंभाराचं गाढव उभं होतं. ते माझ्याकडं पाहत राहिलं.

वर्ष असंच गेलं. पुढचा दसरा आला, पुन्हा शर्यत ठरली. चार दिवस आधी देशमुखाचा गडी आमच्या दारात आला. मायला म्हणाला, "औंदा मालक हिंगोलीला जाणार न्हाईत. ओट्यावर खुर्च्या टाकून पाहुने बसवून राहिलेत. तुह्या पोराचं उतरनं पाहायलाच येऊन राहिले सगळे. नीट वाकून जोहार घालाय सांग. न्हाई घातला तर सुगीचं बलुतं इसर."

बलुतं म्हणजे आमचं वर्षाचं खाणं. गावाची कामं करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा आणायचा. दुसरं काही नव्हतं आमच्याकडं. मला वाटलं, माय आता रडेल, पाया पडेल, उतर बाबा म्हणेल. ती म्हणाली, "पडू नको म्हंजे झालं."

माझा माझ्या पायांवर भरवसा नव्हता. कळमनुरीला मिस्त्री लॉरीतून सोबत आला होता. त्याला म्हणालो, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या काप आणि माझे पाय पायडलांना बांध.

"गिरेगा साले."

"गिरूंगा. उतरूंगा नै."

त्यानं गच्च बांधले. झेंडा पडला. त्या वर्षी मी नुसता पळत सुटलो. गावाच्या चढावर पुतण्या मागं पडला. कडुलिंब आलं. ओटा भरलेला. खुर्च्या, पांढरी धोतरं, शेरवान्या, मधोमध देशमुख. आणि माझा उजवा पाय निघाला. खरंच निघाला. वर्षभर शिकवलेलं सगळं विसरून उतरायला निघाला. ट्यूबनं त्याला धरलं.

गडी ओरडला, "ए! उतर खाली!"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "पाय बांधलेत, मालक! उतरता येत न्हाई!"

ओटा हसला. देशमुख हात हलवून म्हणाला, "जाऊ द्या, जाऊ द्या. बांधलेत बिचाऱ्याचे."

विहीर मागं गेली. मी न उतरता आलो होतो, पुढं रस्ता मोकळा होता, मागं कुणी दिसत नव्हतं. पेला माझा होता. आणि मला समजलं की मी काय बोललो. मी माफी मागितली होती. त्यानं दिली होती. बिचारा म्हणून. वर्षभर ज्याच्यापायी जळलो त्याच्यापुढं मी सायकलवर बसून वाकलो होतो.

मी ब्रेक दाबला. पाय बांधलेत हे विसरलो. सायकलसकट आडवा होऊन रस्त्याच्या कडेच्या चरात गेलो. कोपर फुटलं, तोंडात माती. तसाच पडून पट्ट्या सोडायला लागलो. गाठ सुटेना, शेवटी दातांनी तोडली. तोवर पुतण्या वरून गेला. मग बाकीचे गेले.

सायकल उभी केली. हिंगोली समोर होती. मी हँडल वळवलं आणि गावाकडं निघालो.

विहीर. ओटा. हळू गेलो, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. वहाणा पायात. मान वर. ओट्यासमोर आल्यावर दोन्ही पाय पायडलांवरून उचलून दाखवले.

"पाय मोकळे हायेत, देशमुख. म्या उतरत न्हाई."

मालक म्हणालो नाही. ते कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप गळालं. ओट्यावर कुणी हसलं नाही. एक खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. देशमुखाचं तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्द आला नाही. कुणी उतरलं नाही तर काय बोलायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्यावर अशी वेळ आलीच नव्हती.

कडुलिंबापाशी वळलो आणि पुन्हा ओट्यासमोरून निघालो. ही काही बहादुरी नव्हती, हिंगोली त्या बाजूला होती. आता गडी काठी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा होता. मी सरळ त्याच्या अंगावर सायकल घातली. तो बाजूला झाला. सायकलखाली जायला मालकानं सांगितलं नव्हतं. त्याची काठी मागच्या चाकावर बसली, दोन तारा तुटल्या. उरलेल्या तारांवर मी हिंगोली गाठली. मैदानावर मांडवाचे बांबू काढत होते. पेला पुन्हा पुतण्यानं नेला होता.

तिसऱ्या दिवशी गडी निरोप घेऊन आला. पोरानं अनवाणी, सायकल डोक्यावर घेऊन, ओट्यासमोरून एकदा जावं. मिटून जाईल.

माय माझं कोपर हळदीनं शेकत होती. वर न बघता म्हणाली, "डोक्यावर घ्यायला ती का मोळी हाये? सांग तुह्या मालकाला. मला सायकल येत न्हाई, न्हाईतर मीच गेले असते."

मग मला म्हणाली, "आन तुला पडू नको म्हनलं व्हतं."

बलुतं गेलं. त्या सुगीला खळ्यावरून आमच्या दारात एक दाणा आला नाही. महारवाड्याच्या विहिरीवर भावकीतल्या बाया मायशी बोलायच्या थांबल्या. भीती त्यांनाही होती, मी त्यांना नावं ठेवत नाही. आम्ही घर मोडलं आणि हिंगोलीला आलो. मिस्त्रीच्या दुकानामागं पत्रे टाकून राहिलो. माय जिनिंगवर कापसाची बोचकी उचलायला लागली. उन्हाळ्यात कित्येक दिवस एकच वेळ जेवलो. ते दिवस गोड करून सांगणार नाही. भूक ती भूकच.

पण परत जाऊन वाकायचं का, असं त्या पत्र्यांखाली कुणी कुणाला विचारलं नाही. माझं एवढं पक्कं झालं होतं, की ओट्यावर देशमुख असो, तहसीलदार असो नाहीतर कुत्रं असो, उतरायचं नाही. आणि तेही पाय न बांधता. कुठलंही कारण न सांगता.

दसरा जवळ आला. मिस्त्री चाकात तारा भरत बसला होता. त्याला म्हणालो, "चाचा, औंदाबी माझं नाव द्या. रस्ता तोच हाये."

त्यानं चाक थांबवलं. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पैले साल उतरके हारा. दुसरे साल नै उतरके हारा. अबे, तू जीतेगा कब?"