तांब्या घेऊन येणारा माणूस

मामीचा फोन आला तेव्हा मी विजय नगरच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. "बेटा, निघून ये. मामा नाही राहिले," एवढंच ती बोलली आणि फोन शेजारणीच्या हातात दिला. दिगंबर शेलार, माझ्या आईचा थोरला भाऊ, पुढे बंद पडलेल्या मिलमध्ये कापड तपासणारा आणि इंदूरच्या एका मराठी नाट्यमंडळाचा आयुष्यभराचा नोकर... म्हणजे रंगमंचावरचा नोकर. कधी गडी, कधी टांगेवाला, कधी पोस्टमन. त्याला जाऊन महिना होऊन गेला. म्हटलं राग उतरू द्यावा, मग लिहावं. राग काही उतरला नाही. तशीच लिहायला बसले आहे.

मामा नटगिरी शिकला ती इंग्रजी सिनेमात. त्याच्या तरुणपणी रविवारी सकाळी थेटरात स्वस्तात हॉलिवूडचे जुने, काळेपांढरे सिनेमे लागायचे. त्याला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून तो नुसते चेहरे बघायचा. हिरोचा चेहरा तर सगळेच बघतात, मामा बघायचा मागे उभ्या असलेल्याचा. त्यातला एक बुटका, लोंबत्या गालांचा, भुवया कायम वर गेलेला नट त्याचा गुरू झाला. तो एका सिनेमात हॉटेलचा कारकून, दुसऱ्यात बटलर, तिसऱ्यात तारमास्तर. "हिरो रडतो तेव्हा हा काय करतो, देख तो सही," मामा सांगायचा. "काही नाही करत. हातातली किल्ली खाली ठेवतो, जरा पण आवाज न करता. हिरो खरंच रडतोय हे आपल्याला त्या किल्लीमुळे पटतं, भिया!" मी भाची, पण रंगात आला की मामा मलाही इंदुरी थाटात भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचा.

आमच्या घरात कॉलेज पास झालेली पहिली मी. ही गोष्ट मी आजही छाती पुढे काढून सांगते. निकालाच्या दिवशी सगळे पेढे मागत होते, मामाने वेगळंच मागितलं. "आता त्या किल्लीवाल्या माणसाचं नाव मला वाचून दाखव." पुढे मी इंटरनेटवर तो सिनेमा शोधला आणि नावांची पाटी थांबवून थांबवून वाचली. कारकुनाचं नाव त्यात नव्हतंच. छोटं काम करणाऱ्यांची नावं तेव्हा कित्येकदा देतच नसत म्हणे. माझं तोंड उतरलं. मामा मात्र मांडीवर थाप मारून हसला. "नावच नाही? मग तर हा आपल्याच मंडळाचा निघाला!"

आपल्या मंडळाच्या नायकाचं नाव मीही देत नाही. सगळे त्यांना सरदारसाहेब म्हणतात. त्यांचे पूर्वज दरबारात मानाच्या जागी बसत. आमचे बहुधा बाहेर घोड्यांना पाणी दाखवत असतील. साहेबांचं गाजलेलं काम म्हणजे सगळं गमावून बसलेला जहागीरदार. तिसऱ्या अंकात त्याचं लांबलचक भाषण, आणि शेजारी मामा, पाण्याचा तांब्या घेऊन येणारा गडी. त्या भाषणाच्या मध्यावर साहेब हमखास अडकायचे. पाठांतर करणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं. विंगेतून सांगितलेलं पहिल्या रांगेला ऐकू जायचं, म्हणून मामाने आपली रीत काढली. पेला भरायच्या निमित्ताने तो जवळ जायचा आणि पुढचं वाक्य गड्याच्या तोंडचं करून टाकायचा. "सरकार, तुम्ही ते धाकट्या मालकांचं सांगत होता..." साहेबांना धागा सापडायचा, टाळीही त्यांनाच पडायची. स्पर्धेत परीक्षक म्हणाले, काय तो विराम! विरामाचं बक्षीससुद्धा साहेबांनीच घेतलं.

यासाठी मामाला साहेबांचं अख्खं काम पाठ करावं लागायचं. संध्याकाळी संहिता माझ्या हातात असायची, त्यामुळे मलाही ते पाठ झालं. "सांगून टाक ना लोकांना," मी भडकायचे. "पागल आहेस का?" मामा म्हणायचा. "सांगितलं तर पुढल्या प्रयोगाला ते मला बघूनच घाबरतील. नाटक पडेल ना बाई."

मंडळाने तुकोगंजच्या एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली. मामी आणि मी पहिल्या रांगेत होतो. सरदारसाहेब बोलायला उठले. "शेलार प्रामाणिक माणूस. बिचाऱ्याला खोड एकच, पदरची वाक्यं घालायचा. आम्ही सांभाळून घेतलं." हॉलमध्ये खसखस पिकली. मामीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "हे काय बोलतात गं?" ती पुटपुटली. मग साहेब म्हणाले, "त्याच्या आठवणीसाठी तिसऱ्या अंकातलं भाषण करून दाखवतो." आवाज लावला, हात पसरला, निम्म्यापर्यंत आले... आणि थांबले.

लोकांना आधी तो विराम वाटला. कुणीतरी "वाह" केलं. मग साहेबांची मान डावीकडे वळली, जिथून मामा तांब्या घेऊन यायचा तिकडे. तिथे माइकची वायर पडली होती. मागच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली. साहेबांनी मागचं वाक्य पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच अडकले, आणि मग त्यांची नजर माझ्यावर आली. मामाबरोबर मी पाठ केलेलं त्यांना ठाऊक होतं. "वाक्य दे ना गं," मामी कुजबुजली. "मामांनी दिलं असतं."

दिलं असतंच. आपल्याच शोकसभेत त्याने साहेबांना सांभाळून नेलं असतं आणि मागे जाऊन उभा राहिला असता. मला ते माहीत होतं. वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ओठ मिटून घेतले आणि साहेबांच्या डोळ्यांत बघत राहिले. ते वाक्य मी इथेही लिहिणार नाही.

शेवटी साहेब "असो" म्हणून खाली बसले. कुणी टाळी वाजवली नाही. माझ्या मागे बसलेले मंडळाचे एक म्हातारे सभासद शेजारच्याला म्हणाले, "अरे... म्हणजे इतकी वर्षं तो शेलार..." वाक्य त्यांनाही पुरं करता आलं नाही. करायची गरजही नव्हती.

दाराशी साहेबांनी मला गाठलं. "येत होतं ना तुला?"

"येत होतं," मी म्हटलं, आणि मामीच्या चपला शोधू लागले.