पप्पांच्या मशीनची वही

माझे वडील सिगारेटच्या कारखान्यात मशीन चालवायचे. आम्ही बिबवेवाडीत राहतो. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे इंग्रजी कागद वाचायचं काम माझ्याकडे असतं. इथला विभाग बंद होणार आणि मशीन परराज्यातल्या कारखान्यात जाणार, ही नोटीसही मीच वाचून दाखवली. मशीनसोबत चार ऑपरेटर नेणार होते. बाकीच्यांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यायची. निवृत्तीला नऊ वर्षं उरलेली, म्हणून पप्पांना त्या चौघांत जायचं होतं.

ते मशीन त्यांनी वीस वर्षं सांभाळलं होतं. हवा दमट झाली की कागद फाटायचा, तंबाखू कोरडी असली की भुसा पडायचा. मग कुठला स्क्रू किती फिरवायचा, ते पाकिटांच्या वाया गेलेल्या पुठ्ठ्यांमागे लिहून ठेवायचे. अक्षर त्यांचं त्यांनाच लागायचं. साहेबांनी ते पुठ्ठे मागितले तेव्हा मीच म्हणाले, "पप्पा, असे नका देऊ. मी वहीत नीट उतरवून देते." मला खरंच वाटलं होतं, वही बघितली की साहेबांना त्यांची किंमत कळेल.

शेजारचे काका पप्पांच्याच खात्यात होते. ते दारातूनच म्हणाले, "वा! मशीनचं सगळं वहीत येणार. आता तुझ्या पप्पांना कशाला नेतील?"

"अहो, काहीतरीच काय बोलता," आई म्हणाली.

तीन दिवस संध्याकाळी पप्पा सांगत होते, मी लिहीत होते. आकृत्याही काढल्या. साहेबांनी वही चाळून अक्षराचं कौतुक केलं म्हणे. आठवड्याने यादी लागली. चौघेही तिशीच्या आतले. पप्पांचं नाव नव्हतं.

"मी लिहून द्यायला नको होतं," पप्पा घरी आल्यावर मी म्हणाले.

"तू दिलं नसतंस तर मी तोंडाने सांगितलं असतं." ते बूट काढत होते. "त्या पोरांना काय माहितीये? बिघडवून ठेवतील."

"बिघडू दे की!"

मी काहीतरी वाईट बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मशीनने काय केलंय?"

वही दिली नसती तर त्यांना नेलं असतं का, हे मला अजून सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी तिकडे पाठवायला मशीन सुटं करायचं होतं. पप्पा नेहमीच्या वेळेला कामावर गेले.