सिस्टरचे चिमटे

हॉस्पिटलात तिला सगळे सिस्टर म्हणायचे, आणि ते नाव तिच्या मागोमाग घरीही आलं. नवरासुद्धा सिस्टर म्हणायचा. वहिनी म्हणणारा एकच, शेजारच्या खोलीत राहणारा सुतार दीर.

ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टरचा हात हलका. काच असो की काटा, तिचा चिमटा कधी आत गेला नि कधी बाहेर आला, पेशंटला कळायचंही नाही. बोलण्यातला चिमटा मात्र चांगला कळायचा. तो काढताना तिने डॉक्टरांनाही सोडलं नव्हतं. घरात दोरीवरचे कपड्यांचे चिमटे, गॅसजवळचा चिमटा, सगळं जागच्या जागी. जीभ तेवढी जागेवर राहत नसे.

दीर सुतारकाम शिकायला लागला तेव्हा नवऱ्याचा कारखाना बंद होता. सिस्टरने पोटाला चिमटा घेऊन दिराला करवत, रंधा, पटाशी घेऊन दिली. त्यावर त्याचं बस्तान बसलं. अलीकडेच त्याने मोठ्या हौसेने वहिनीला कपाट करून दिलं.

नवऱ्याचे मित्र जेवायला आले होते. कुणीतरी कपाटाचं कौतुक केलं. सिस्टर म्हणाली, "भावजींनी केलंय. चोराची भीतीच नाही. दार आम्हालाच उघडत नाही, तर चोराला काय उघडणार?"

सगळे पोट धरून हसले. दीरही हसला. पण दुसऱ्या दिवशी चहाला आला नाही, नंतरही नाही.

"जरा जास्तच झालं तुझं," नवरा म्हणाला.

"मस्करी केली हो मी."

"मस्करी तुझी होती. कपाट त्याचं होतं."

सिस्टरला रात्रभर ते टोचत राहिलं. पण बोलायला जाणार कशी? दीर तर जिन्यातही मान खाली घालून जायचा.

मग एके दुपारी तोच ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात उभा राहिला. हाताला रुमाल गुंडाळलेला. तळहातात लाकडाचं कुसळ जाऊन हात टम्म सुजला होता.

"आधी का नाही आलात?"

दिराने ट्रेकडे पाहिलं. "वहिनी, हा एकच चिमटा ना? का दुसराही काढणार आहात?"

सिस्टरच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं आणि मुकाट्याने हात साफ करायला घेतला. दिराला घाम फुटला.

"काहीतरी बोला हो. तुम्ही गप्प बसलात की वाटतं, हात जातोय आता."

"हात कुठे जात नाही." कुसळ निघालं होतं. पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "भावजी, चारचौघांत तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं."

संध्याकाळी तो चहाला आला आणि थेट भावाशेजारी जाऊन बसला.

"दादा, वहिनी आज चुकलं म्हणाल्या."

"कुणाला?"

"मला. एक चिमटा काढ बरं, स्वप्नात तर नाही ना मी?"

"दुखऱ्या हाताला नको," चहा गाळता गाळता सिस्टर म्हणाली.

दादाने दुसऱ्या दंडाला काढला, आणि चांगला जोरात काढला.