हलकी केलेली वाकळ

माझ्या धाकट्या बहिणीला त्या दिवसांत सतत थंडी वाजत असे. बंगळूरची हवा तशी कुणाला गोठवत नाही. पण उपचारांनी तिच्या अंगातली ऊब आतून उपसून नेली होती. महादेवपुऱ्यातल्या तिच्या उंचावरच्या घरात खिडक्या लावलेल्या असत, पायांत लोकरी मोजे असत, आणि तरीही तिचा हात हाती घेतला की पहाटेच्या नळाखाली हात धरल्यासारखे वाटे. विकतची पांघरुणे तिला सहन होत नसत. त्यांना दुकानाचा वास येतो, म्हणे. आणि वास हा तेव्हा तिचा सगळ्यांत मोठा शत्रू होता.

तिच्या दोन्ही मुली त्या वर्षी बनशंकरीला माझ्याकडे राहत होत्या. थोरली दहाची, धाकटी सहाची. शाळेत एकदा आईसाठी भेट तयार करण्याचा तास झाला. थोरलीने घडीचे कार्ड केले, त्यावर चमकी चिकटवली. घरी येऊन तिने ते उजेडात धरून पाहिले आणि टेबलावर पालथे ठेवले.

"याने आईची थंडी जाणारे का?"

"आपण दोघी तिच्या अंगावर झोपू," धाकटी म्हणाली.

"म्हणजे आई चपटी होईल. शहाणी!"

मी हसले, आणि हसता हसता मला वाकळ सुचली.

आमची आई बेळगावकडची. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, कडा आत दुमडून, साध्या धावदोऱ्याने ती जाड पांघरूण शिवत असे. त्याला आमच्याकडे वाकळ म्हणतात. टाके बाहेरच्या काठापासून सुरू होतात आणि चौकोनातून लहान चौकोनात फिरत आत आत जातात. मधोमध तळहाताएवढी जागा अखेरपर्यंत उघडी राखायची. ते वाकळीचे पोट. ते रिकामे शिवत नाहीत. पोळीचा एक तुकडा आत ठेवून मगच शेवटचा टाका पडतो, म्हणजे ज्याच्या अंगावर ती जाईल त्याला अन्न कमी पडत नाही, अशी आईची समजूत होती आणि ती तिच्या आईकडून आली होती.

बहिणीच्या कपाटातून तिच्या सुती साड्या मी तिच्या नकळत आणल्या. धुऊन धुऊन त्यांचा पोत पिकल्या केळीच्या सालीसारखा मऊ झाला होता. एकीवर हळदीचा डाग होता, एकीचा काठ विरलेला, आणि सगळ्यांना मिळून एक वास होता: शिकेकाई, कापूर, आणि त्यांच्या मागे लपलेला, ज्याला नाव देता येत नाही असा तिचा. मुलींनी आळीपाळीने त्यांत तोंड खुपसले. मग थोरली एकदम गंभीर होऊन म्हणाली, "पुरे. संपून जाईल."

खोलीभर साड्या अंथरल्या. चारी कोपऱ्यांवर तवा, खलबत्ता आणि दोन शब्दकोश ठेवले. खालच्या मजल्यावरच्या अक्का दही मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "येनु, कौदी?" असे वाकळीला कन्नड नाव देत त्यांनी पदर खोचला, बसल्या आणि एक ओळ घालूनच उठल्या. जाताना धाकटीला बजावले, "दोरा स्वल्प घट्ट ओढायचा, सरी?" धाकटीने त्यानंतर इतका घट्ट ओढला की कापडाला सुरकुत्या पडल्या. तिचे टाके म्हणजे कुणी फुंकर घालून विस्कटलेली मुंग्यांची रांग होती. थोरलीचे सरळ होते, आणि तिला ते ठाऊक होते.

"हिचे उसवून परत घालूया का, मावशी?"

"तुझेच उसव!"

मी काहीच उसवले नाही. कितीतरी दुपारी आम्ही तशाच बसलो, तिघींचे गुडघे एका कापडाखाली, सुईचे बारीक टुपटुप आणि बाहेर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडावर कावळ्यांची कुरबुर. मध्यभागापर्यंत पोचलो तेव्हा मी पोळीचा तुकडा आणला.

"आईला पोळी कडू लागते," धाकटी म्हणाली.

"तिला सगळंच कडू लागतं."

"मग साखर लावू."

"मुंग्या येतील, वेडे."

"येऊ देत. त्यांना पण भूक असते."

साखर लावली. पोट शिवले. शेवटची गाठ दोघींनी मिळून मारली, म्हणून ती फार मोठी झाली.

रविवारी गाठोडे घेऊन आम्ही महादेवपुऱ्याला गेलो. बहीण पलंगावर उशीला टेकून बसली होती. दाराशी खुर्चीत तिच्या सासूबाई डाळिंब सोलत होत्या. मुलींनी वाकळ तिच्यापुढे उलगडली. डोळे मिटून तिने कापडावरून बोटे फिरवली. वरच्या थराच्या विरलेल्या काठाशी ती थांबली.

"ही तुझ्या झोळीची," ती थोरलीला म्हणाली.

"मी यात मावत होते?"

"मावत होतीस. आणि आख्खी बिल्डिंग उठवत होतीस."

"घे ना अंगावर! घे ना!" धाकटी पलंगावर उड्या मारू लागली.

बहिणीने वाकळ गुडघ्यांपर्यंत ओढली. तिथे तिचा हात थांबला. तिने एकदा दाराकडे, सासूबाईंकडे पाहिले. मग वाकळ हळूच मागे सारली, घडी केली, घडीवर हात ठेवला.

"जड होते गं, बाळा. नंतर घेते हं."

धाकटीच्या उड्या थांबल्या. थोरलीने खाली पाहिले आणि नखाने आपल्याच फ्रॉकचा दोरा ओढू लागली. त्या दोघी खाली खेळायला गेल्यावर, म्हणजे त्यांना खाली पाठवल्यावर, मी बहिणीकडे वळले.

"जड? तुला?"

"ताई, आईच्या वेळचं विसरलीस?"

विसरले नव्हते. माणूस ज्या अंथरुणावर जातो ते अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. आई गेली त्याच सकाळी तिच्या खालचे-वरचे सगळे बाहेर काढले होते, आणि त्यात तिने स्वतः शिवलेली वाकळही होती. आम्ही दोघी दारात उभ्या राहून ती जाताना पाहत होतो. हे सगळे माहीत असताना, डॉक्टरांनी पुढचे उपचार थांबवलेल्या बाईसाठी मी पांघरूणच शिवायला घेतले होते. आमच्या घरात वाढलेल्या बाईच्या हातूनच असे व्हावे. आम्हाला ऊब म्हटली की वाकळ आठवते, त्यापुढचे काही आठवत नाही.

"मी घेतली की ती माझी झाली," ती म्हणाली. "मग माझ्याबरोबर तीही बाहेर. सासूबाई काही ठेवायच्या नाहीत, आणि त्यांचं चूक नाही. तशीच राहू दे. मुलींना होईल."

"आणि तू काकडत राहणार?"

"मोजे आहेत की."

"मुलींना काय सांगू?"

"सांगितलंय ना मी. जड होते."

मुलींना आजाराचे खरे स्वरूप कुणी सांगितले नव्हते. वाकळीचे खरे सांगायचे तर तेही सांगावे लागले असते. म्हणून ते एवढेसे खोटे आम्ही दोघींनी मिळून धरून ठेवले. निघताना थोरली म्हणाली, "आम्ही ही घेऊन जातो. नीट करून आणतो." बहिणीने इतक्या तत्परतेने होकार दिला की थोरलीचा चेहरा आणखीच पडला.

पुढच्या शनिवारी दुपारी जेवणानंतर माझा डोळा लागला होता. जाग आली ती कात्रीच्या आवाजाने. मधल्या खोलीत दोघी जमिनीवर बसल्या होत्या, केसांत, कोपरांवर, सगळीकडे दोऱ्याचे तुकडे. वाकळीचे जवळजवळ सगळे टाके उसवलेले होते. आतल्या साड्या एकेक करून ओढून बाहेर काढल्या होत्या आणि भिंतीशी त्यांचा ढीग पडला होता. पलीकडे न्हाणीघरातला वजनकाटा आणून ठेवलेला.

"अगं, हे काय चाललंय?"

"आईला जड होते ना," थोरली वर न पाहता म्हणाली. "मधले काढतोय. मी वाकळ घेऊन काट्यावर उभी राहते, मग नुसती उभी राहते. आता दप्तरापेक्षा हलकी झालीय."

"पोट नाही कापलं," धाकटीने घाईने सांगितले. "पोटाच्या भोवतीनं कापलं."

वरचा एक आणि खालचा एक, एवढेच थर उरले होते. ज्यांना ऊब म्हणावी ते सगळे भिंतीशी पडले होते. मला रागवता आले नाही. रडताही आले नाही, कारण दोघी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी सुई आणली. कडा फाटल्या होत्या, त्या आणखी आत दुमडाव्या लागल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघींनी ती पुन्हा शिवली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने ती आईपुढे ठेवली, शिक्षकांना प्रयोग समजावून सांगावा तशी. "आता बघ. दोनच ठेवलेत. तरी जड वाटली तर आणखी एक काढू. मग एकच उरेल, पण चालेल."

बहिणीने वाकळ उचलली. ती खरोखर हलकी होती. हातात उचलताच हवेने फुगली. उसवलेल्या टाक्यांची भोके ओळीने दिसत होती, कुठे कुठे कात्री लागून नक्षीसारखी छिद्रे पडली होती. तिने त्या छिद्रांतून बोट घालून पाहिले. तेव्हा मला कळले की तिच्याजवळ आता सांगायला काही उरलेले नाही. आणखी एकदा नाही म्हटले असते, तर त्या मुलींनी तो उरलेला थरही काढला असता.

ती आडवी झाली.

"घाला," ती म्हणाली.

दोघींनी दोन बाजूंनी वाकळ तिच्या अंगावर घातली. हनुवटीपर्यंत. तिने श्वास आत घेतला, आणि मग कुणाकडेही न पाहता, छताकडे पाहत सासूबाईंना म्हणाली, "आई, ही मात्र बाहेर काढायची नाही. मुलींची आहे."

सासूबाई म्हणाल्या, "तू आधी चार घास जेवून घे."

"मी बघेन," मी म्हणाले. "मी शब्द देते."

परतीच्या वाटेवर गाडी चौकाचौकात अडकत होती. धाकटी माझ्या मांडीवर झोपली. थोरली खिडकीबाहेर पाहत होती. तिने मान न वळवता विचारले, "बाहेर काढायची म्हणजे काय गं?"

मी सांगितले. सगळे सांगितले, कारण अर्धे सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती. पुढच्या सिग्नलला तिने फक्त झोपलेल्या बहिणीचा लोंबणारा पाय उचलून माझ्या मांडीवर नीट ठेवला.

त्यानंतर बहीण वाकळीखालीच असे. ती वाकळ ऊब देत होती असे मी म्हणणार नाही; दोन विरलेल्या साड्या कितीशी ऊब देणार? वर दुसरे काही घालू म्हटले की ती नको म्हणे. मुली आल्या की तिच्या दोन्ही अंगांना शिरत, आणि तेवढ्यापुरते तिचे हात गरम लागत.

ती एका सकाळी गेली, दूधवाला येऊन गेल्यानंतर. घरात माणसे भरू लागली. सासूबाईंनी एकटीने तिचा पलंग आवरला. चादर, उशी, गादीवरची सतरंजी, सगळे त्यांनी गोळा केले आणि खालच्या माणसाकडे दिले. वाकळ तेवढी त्यांनी आधीच वेगळी काढली होती. तिची चौघडी करून त्या माझ्याजवळ आल्या आणि ती माझ्या मांडीवर ठेवली.

"घे. तिचा शब्द होता."

मी घडीवर तोंड टेकले. शिकेकाई केव्हाच गेली होती. औषध होते, खोबरेल होते, आणि ती होती. ज्याच्यासाठी तिने थंडीत दिवस काढले होते ते सगळे माझ्या मांडीवर सुखरूप होते.

बाहेरच्या खोलीत तिला जमिनीवर ठेवले होते. अंगावर पांढरे कापड. पंखा कुणीतरी लावला होता, आणि त्या कापडाची कड हलत होती. थोरली कितीतरी वेळ ती कड पाहत उभी होती. मग ती माझ्यापाशी आली आणि घडीवर हात ठेवला.

"दे, मावशी."

"अगं, ही तुमच्यासाठी राखलीय. आईनं..."

"मला माहितेय. तूच सांगितलं होतंस." तिचा आवाज फुटला नाही. "पण आम्ही आईसाठी केली होती. तिला थंडी वाजते."

मागून कुणीतरी पुरुष म्हणाला की असे काही बरोबर नेत नाहीत, स्मशानात काढूनच ठेवतात. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "असू दे," त्या म्हणाल्या.

बहिणीला दिलेला शब्द माझ्या मांडीवर होता आणि तिची मुलगी हात पसरून उभी होती. मी घडीवरून हात उचलले.

दोघींनी दोन बाजूंनी ती पसरली. थोरलीने मध्यभाग बरोबर मध्यावर आणला. पण कडा दुमडून दुमडून वाकळ आखूड झाली होती, आणि धाकटी म्हणाली, "पाय उघडे राहिले." तिने खाली ओढली, मग खांदे उघडे पडले. तिने पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली. शेवटी ती पायांशी गुडघ्यांवर बसली आणि तिने पायांची बाजू घेतली. एक टाच उचलून तिच्याखाली काठ खोचला, मग दुसरी टाच उचलली, आणि वारा शिरू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून ठेवला. माणसे खोळंबली होती. तिला ऊठ असे कुणीच म्हणाले नाही.