एक कान मुकादमासाठी

नागभीडकडच्या एका राईस मिलमध्ये मी अठरा वर्षं मशीनच्या तोंडाशी धानाची पोती रिकामी केली. तिथे शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागे. मालकाने कानांवर घालायची टोपणं आणली होती. ती खिळ्याला टांगलेली असत. दसऱ्याला मशीनबरोबर त्यांनाही हळदकुंकू लागे. घालत कोणी नसे. घातली की मुकादमाची हाक ऐकू येत नसे आणि हाक चुकली की शिव्या. म्हणून आम्ही बाया डाव्या कानात कापसाचा बोळा घालत असू, उजवा मुकादमासाठी मोकळा. नवीन बाईला हे मीच शिकवत असे. सुनेलाही मीच शिकवलं.

माझा उजवा कान आधी गेला. मग डावाही गेला. बोळा तो किती राखणार.

मोहफुलं वेचायला आम्ही पहाटे रानात जातो. वाघ जवळ असला की वानरं ओरडतात, बाया टोपल्या टाकून मागे फिरतात. दोन वर्षांपूर्वी सगळ्या फिरल्या आणि मी वाकून वेचत राहिले. जावेने दंड धरून ओढत आणलं. घरी आल्यावर ती कानात ओरडली, "उद्यापासून येऊ नोको. तुयापायी मी मरन."

खरं बोलली. माझ्या जागी सून जाऊ लागली.

मी सुनेला म्हटलं, मिलमध्ये दोन्ही कानांवर टोपणं घाल.

ती माझ्या कानात ओरडली, "मंग हाक कशी ऐकू येईन, बाई? तुमीच तं सांगतलं होतं."

मग मीच मिलमध्ये जाऊन मुकादमाला म्हटलं, "भाऊ, हाक काऊन मारता? लाल लाईट लावा, नाई तं खांद्याले हात लावा."

त्याचं नुसतं तोंड हललं. बाया हसल्या. सुनेने कानात ओरडून सांगितलं, "म्हणते, बुढीले मिलमंदी दिवाळी पायजे."

तेव्हापासून मोहाच्या दिवसांत रोज पहाटे मी सुनेच्या पाठीमागे, उजव्या बाजूला उभी राहते आणि तिला हळू हाक मारते. ती वळली की जाऊ देते.

आज हाक मारली. ती चुंबळ गुंडाळत राहिली. पुन्हा मारली. पलीकडे अंगणाच्या टोकाशी उभी असलेली जाऊ वळली. सून वळली नाही.

मी तिच्या हातातली टोपली काढून घेतली.